एकदा वाजला म्हणजे ये

माझ्या मायला फसवी बाई ठरवणाऱ्या माणसाचं तोंड मला एकदा बघायचं होतं. त्यासाठी मी परभणीला गेले, सेलूच्या सिमवाल्या दुकानात दोनदा जाऊन उभी राहिले, कस्टमर केअरचं गाणं कान दुखेपर्यंत ऐकलं. शेवटी कळलं की असा माणूसच नाही. एक यंत्रणा आहे म्हणे, ती आपली आपण ठरवते. ज्याला जाब विचारायचा त्याला तोंडच नसेल तर राग नेऊन टाकायचा कुठे, हे मला अजून उमगलेलं नाही. म्हणून इथे लिहिते.

माय कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी चालवते. आमचं गाव सेलूपासून अर्ध्या तासावर. मी सेलूत बसस्थानकाजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते, रविवारी गावी जाते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मायच्या हाताखाली वीस-बावीस बाया असतात. आसपासच्या चार-पाच गावांतले शेतकरी तिला आदल्या दिवशी सांगून ठेवतात, पण खरं काम ठरतं ते सकाळीच. दव किती पडलं, कुणाच्या रानातला कापूस ओला आहे, कुणाचा टेम्पो येणार आहे, हे उजाडताना कळतं. मग माय सहाच्या सुमारास एकेकीला फोन लावते आणि वाजला की तोडते. एकदा वाजला म्हणजे ये, नेहमीच्या वेळी पारावर. दोनदा वाजला म्हणजे रान लांब आहे, भाकरी जास्तीची बांधून घे. तीनदा म्हणजे आज काम नाही.

शहरातल्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. आता तर बोलणं फुकट झालंय, मग मिस कॉल कशाला, असं विचारतात. अरे बाबांनो, सकाळी सहाला त्या बाईचे दोन्ही हात पिठात असतात. एक भाकरी तव्यावर, एक थापायलेली, आणि फोन चुलीपासून लांब फळीवर. तो उचलायला हात कुठून आणायचा? वाजला किती वेळा एवढं कानानं मोजलं की झालं. मायनं ही पद्धत कुणाकडून शिकलेली नाही. तिनं ती स्वतः बसवली आणि साध्या बटणाच्या फोनवर कितीतरी वर्षं बिनबोभाट चालवली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. या बाया फोनमध्ये कुणाचं नाव सेव्ह करत नाहीत. बहुतेकींना अक्षर वाचता येत नाही, पण आकडा येतो. वजनकाट्यावरचा आकडा येतो, टेम्पोच्या पाटीवरचा येतो, तसा फोनवरचाही येतो. मायच्या नंबराच्या शेवटी दोन सात आहेत. वाजून बंद झालेल्या फोनवर शेवटी दोन सात दिसले की माय, शेवटी शून्य-चार दिसला की पिठाची गिरणी, असा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात पक्का असतो. नाव सेव्ह केलं की आकडा झाकला जातो आणि त्या जागी न वाचता येणारं काहीतरी येतं. त्यामुळे नाव नको.

टोळीतली सगळ्यात जुनी बाई म्हणजे जिला मी मावशी म्हणते ती. रक्ताचं नातं काही नाही. माय आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या आणि तेव्हापासून शेजारशेजारच्या ओळीत कापूस वेचत आल्या. मावशीचा मुलगा आणि सून दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परत येतात. पूर्वी मावशीही जायची. गुडघे गेले तशी तिनं कोयता ठेवला. मायच्या टोळीत तिला काम होतं म्हणून तिला गावात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपाशी राहता येत होतं. टोळी नसती तर तिला पुन्हा उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत, त्या झोपडीत, जाऊन राहावं लागलं असतं. हे माय जाणून होती. मावशीही जाणून होती, पण दोघी कधी बोलून दाखवत नव्हत्या.

आता माझी चूक. मायच्या हातात स्मार्टफोन मीच दिला. जुन्या फोनचं बटण बसलं होतं आणि मला वाटलं, चार चांगल्या गोष्टी तिलाही बघता येतील. मायच्या मागोमाग टोळीतल्या निम्म्या बायांकडे तसेच फोन आले, बहुतेक एकाच कंपनीचे, सेलूतल्या एकाच दुकानातून घेतलेले. मी रविवारी पारावर बसून त्यांना शिकवायचे. बोलून निरोप कसा पाठवायचा, फोटो कसा बघायचा. त्यांनी विचारलं, पाठवलेलं पोचलं हे कळायचं कसं? मी म्हणाले, खुणा निळ्या झाल्या की समजायचं, पोचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीनं दोनदा विचारून पक्कं करून घेतलं होतं.

तो फोन हातात देताना मी ‘सहमत आहे’ वर किती वेळा बोट ठेवलं असेल, देव जाणे. वाचलं काही नाही. माझं पोट लोकांचे फॉर्म वाचून भरण्यावर चालतं आणि माझ्या आईच्या फोनवर मी न वाचता सही केल्यासारखं केलं. पण खरं सांगू का, वाचलं असतं तरी काय झालं असतं? ‘सहमत नाही’ म्हटलं तर फोन पुढे सरकतच नाही. विकत घेतलेली वस्तू आधी माझ्याकडून मान्यता घेते की मी तिच्या मर्जीनं राहीन, आणि मग चालू होते.

त्या फोनात पहिल्या दिवसापासून मायला नको असलेल्या बारा-पंधरा गोष्टी बसलेल्या होत्या. खेळ, खरेदी, बातम्या, कर्ज देणारं काहीतरी. काही काढता आल्या, काही काढायला गेलं की तिथलं बटणच करडं, दाबलं तरी दबत नाही. सिमकंपनीचं एक ॲप तर काढलं की आठ दिवसांनी परत हजर. स्क्रीन उघडली की आधी जाहिरात, मग मायचा फोन. माय म्हणायची, हा फोन आपला हाय की आपुन त्याचे? ती गंमत करायची आणि मीही हसायचे. तेव्हा हसू आलं याची आता चीड येते.

मग एका दसऱ्याच्या आधी अपडेट आलं. ‘नंतर’ म्हणायची सोय दोनदा होती, तिसऱ्यांदा नव्हती. फोन आपला आपण बंद झाला, आपला आपण उठला आणि फोन लावायचं जे पान होतं ते बदललेलं होतं. दिसायला छान, गोल गोल. टोळीतल्या बाकीच्या फोनांनाही त्याच आठवड्यात ते आलं. त्याच सुमारास सिमकंपनीनंही ग्राहकांच्या भल्यासाठी म्हणून फसवे फोन ओळखून दाखवायला सुरुवात केली. कुणी मागितली होती ही सोय, मला माहीत नाही. बंद करायची जागा मी आजवर शोधतेय.

वेचणी सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सहा बाया आल्याच नाहीत. पारावर माय वाट बघत उभी. शेतकऱ्याचा टेम्पो पारापाशी येऊन थांबलेला. माय एकेकीच्या घरी गेली तर त्या भाकरी बांधून बसलेल्या, म्हणाल्या, फोन वाजलाच न्हाई. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. त्यातल्या एकीची नात सेलूच्या कॉलेजात जाते, तिनं आजीचा फोन बघून सांगितलं की मायच्या नंबराला लाल पट्टी येतेय आणि वर लिहिलंय की हा फसवणुकीचा नंबर असू शकतो. काही फोन तर असा नंबर आला की वाजतच नव्हते, गप्प गिळत होते. पट्टी आली की आकडाही बारीक होऊन कोपऱ्यात जायचा. दोन सात शोधणाऱ्या बाईला दिसायचं फक्त लाल.

कारण कळायला मला फार वेळ लागला नाही. रोज सकाळी एकाच नंबरावरून दहा मिनिटांत पंचवीस फोन, एकही बोलणं नाही, सगळे तोडलेले. त्या यंत्रणेला हे चोराचं वागणं वाटलं. पहाटे भाकरी थापणाऱ्या बाया तिच्या गावीही नाहीत. ज्यांनी ती बनवली त्यांनी कधी कापसाचं रान बघितलेलं नसणार आणि बघायची त्यांना गरजही पडली नसणार.

गावात ही गोष्ट पसरायला एक दिवस लागला. शेजारच्या गावचा एक शेतकरी मायला पारावर सगळ्यांदेखत म्हणाला की बाई, तुमचा नंबर लाल येतो, मी उचलत नसतो असले फोन. तो हसत म्हणाला, पण माय घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तीस वर्षं वजनात कुणाचा एक मूठ कापूस इकडचा तिकडे होऊ न दिलेली बाई. रविवारी मी गेले तर मला म्हणाली, “मी काय चोर हाय का गं? मला सांग, त्या फोनला कुनी सांगितलं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी दुकान बंद ठेवून मी आधी सेलूत सिमवाल्याकडे गेले. तिथल्या मुलीनं सांगितलं की हे आमच्या हातात नाही, वरून होतं, फोनकंपनीला विचारा. परभणीला फोनकंपनीच्या केंद्रात गेले. तिथे टोकन घेऊन दोन तास बसले, मग एका टाय लावलेल्या इसमानं सांगितलं की हे आमचं नाही, सिमकंपनीचं आहे. मी म्हणाले, ठीक आहे, मग हे फोन लावायचं नवं पान काढून टाका आणि जुनं परत बसवा. तो म्हणाला, मॅडम, ते सिस्टीम ॲप आहे, काढता येत नाही. जुनं सॉफ्टवेअर टाकून द्या म्हटलं तर म्हणाला, कंपनीचं कुलूप आहे, मागे जाता येत नाही. कुलूप उघडायला कंपनीकडे अर्ज करायचा, आणि या मॉडेलला ते अर्ज घेत नाहीत.

मी विचारलं, हा फोन कुणाचा आहे? तो गोंधळला. म्हणाला, तुमचा. मग किल्ली तुमच्याकडे कशी? त्यानं पुढचं टोकन पुकारलं.

येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आमच्या गल्लीत पाट्याला टाकी लावणारी बाई येते. हातात छिन्नी-हातोडा, डोक्यावर बोचकं. ती दारात उभी राहून ओरडते, टाकी लावायची का? घरातून हो आलं तरच ती उंबरा ओलांडते. पाटा तिनं बनवलेला असला, तरी विचारते. विकलेल्या वस्तूला हात लावायचा तर मालकाला विचारावं लागतं, हे तिला कळतं. आणि यांना, एवढे शिकलेले, एवढे काचेच्या इमारतीत बसणारे, यांना कळत नाही असं मी मानायला तयार नाही. कळतं. फक्त विचारलं तर लोक नाही म्हणतील, हेही कळतं.

आठवडाभरानं सिमकंपनीच्या कस्टमर केअरला अखेर एक माणूस बोलला. त्यानं नंबर तपासला आणि म्हणाला की या नंबराविरुद्ध तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. कुणी केल्या? ते सांगता येत नाही, मॅडम. कुणी अनोळखी लोकांनी? तो म्हणाला, नाही, ज्यांना या नंबरावरून फोन जातात त्यांच्याकडूनच आल्यात.

त्या वेळी मी फोन ठेवून एक ग्लास पाणी प्यायला हवं होतं. मी तशीच मायला फोन लावला आणि रागाच्या भरात म्हणून गेले, तुझ्याच बायांनी तुझी तक्रार केलीय. कंपनीचा माणूस सांगतोय. मायनं तेवढं ऐकलं आणि फोन ठेवला.

पुढचं मला रविवारी कळलं. मायनं दुसऱ्या दिवशी रानात, जेवायला बसल्यावर, सगळ्यांना विचारलं की कुणी तक्रार केली. कुणाला तक्रार कशाशी खातात हे माहीत नव्हतं. तेव्हा मावशीच्या शेजारी राहणारी एक बाई बोलली की मावशी रोज सकाळी तुझा फोन येऊन गेला की हात पुसून फोनवर काहीतरी दाबते, मी माझ्या चुलीपाशी बसून रोज बघते. त्याच्या आठ दिवस आधी मायनं मावशीच्या भाचीला टोळीत घ्यायला नकार दिला होता, ती कापसात पाला-पत्ती फार आणते म्हणून. मावशीला ते लागलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. मायनं मला विचारलं की फोनवर दाबून तक्रार होते का. मी म्हणाले, होते. मग तिनंच केली असणार, असंही मीच म्हणाले. मावशीचं घर आमच्या घरापासून चार घरं सोडून आहे. उठून जावं, फोन हातात घेऊन बघावं, काय दाबतेस गं म्हणून विचारावं, एवढं मला सुचलं नाही.

सोमवारी पारावर माय मावशीला सगळ्यांसमोर म्हणाली, “मन भरलं असंल तर तोंडावर सांग. फोनमधून कशाला वार करायलीस?”

 मावशी भांडली नाही म्हणे, शपथ घेतली नाही. कापूस वेचायला कमरेला बांधलेली ओटी सोडली, घडी घालून काखेत मारली आणि घरी गेली. दिवाळी झाल्यावर मुलगा-सून ऊसतोडीला निघाले त्या गाडीत तीही बसली. गुडघ्याला फडकं बांधून.

बाकीच्या बायांचं मी निस्तरलं. प्रत्येकीच्या फोनात मायचा नंबर सेव्ह केला आणि नावाच्या जागी नुसतं ७७ लिहिलं. म्हणजे पट्टी येणार नाही आणि दोन सात मात्र दिसतील. एवढं साधं होतं. आधी केलं असतं तर. मावशीचा फोन तेवढा राहिला, कारण मावशीच राहिली नव्हती.

त्या हिवाळ्यात माय वेचणीला जात होती, टोळी चालत होती, पण घरात आल्यावर तिचं तोंड उघडायचं नाही. मी काही म्हणायला गेले की म्हणायची, जाऊ दे. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. मी सिमकंपनीला लिहिलं, फोनकंपनीला लिहिलं, सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. एकानं उत्तर दिलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. दुसऱ्यानं पाच ताऱ्यांपैकी किती तारे द्याल ते विचारलं. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्यानं दुसरंच सॉफ्टवेअर बसवून बघू म्हणून सांगितलं, पण मग बँकेचं ॲप चालणार नाही, कारण बँकेला कंपनीचं कुलूप शाबूत लागतं. म्हणजे मोकळं व्हायचं तर बँक सोडा, आणि बँक हवी तर मान खाली घालून राहा. मी त्याला राहू दे म्हणाले आणि त्या दिवशी दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांवर उगाच खेकसले.

संक्रांतीनंतर एके दिवशी मायच्या नंबरावरची लाल पट्टी आपोआप गेली. का आली ते कुणी सांगितलं नव्हतं, का गेली तेही सांगितलं नाही. चुकलं आमचं, एवढे दोन शब्दही कुणी पाठवले नाहीत. वेचणी तेव्हा संपत आली होती.

पाडव्याच्या पुढे-मागे ऊसतोडीची माणसं गावात परतली. मावशीही आली. गावी गेले की मी लांबून बघायचे, ती पऱ्हाटीसारखी वाळली होती आणि उजवा पाय ओढत चालायची. ती आमच्या दारावरून जायची नाही, मागच्या बोळातून जायची. माय तिच्या घराकडे बघायची नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं.

एका दुपारी मावशी माझ्या दुकानात आली. रेशनचं केवायसी करायचं होतं, गावात सर्व्हर चालत नव्हता, बस पकडून आली होती. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली नाही, बाकावर टेकली. मी चहा सांगितला, नको म्हणाली. ओटीपीसाठी फोन मागितला तर तो तिनं पदरात गुंडाळलेला काढून टेबलावर ठेवला. मी आकडे टाकत असताना तो वाजला, कसलातरी कर्ज देणारा फोन. वाजून थांबला आणि लगेच स्क्रीनवर एक चौकोन आला. त्यात प्रश्न होता की हा फोन नकोसा होता का, आणि खाली दोन बटणं. नकार देणारं बारीक, करडं, असून नसल्यासारखं. तक्रार नोंदवणारं मोठं, भरगच्च निळं.

मी काही बोलायच्या आत मावशीचं बोट टेबलावरून आलं आणि निळ्यावर पडलं. सवयीचं बोट होतं ते.

मी विचारलं, “मावशी, हे काय दाबलंस?”

“निळं,” ती म्हणाली. “पोचलं म्हून. तूच शिकवलंस न्हवं? तुझ्या मायचा फोन वाजला की मी रोज दाबत होते. म्हंजी तिला कळावं, मी यायलेय.”

 मी तिचा फोन हातात घेतला, जो सहा महिन्यांपूर्वी घ्यायला हवा होता. रोज सकाळी पीठ पुसून ही बाई माझ्या मायला हो म्हणत होती, आणि ते निळं बटण तिचं हो उचलून तक्रारीच्या खात्यात टाकत होतं. ज्यानं ते बटण निळं आणि मोठं केलं, त्याला ते लोकांनी दाबावं असंच वाटत होतं. रंग उगाच निवडलेला नव्हता. आणि निळं म्हणजे पोचलं हे तिला शिकवणारी मी. मीच.

फोनात आणखी काय काय आहे ते बघायला मी आत गेले. दिवाळीच्या सुमाराच्या एका अपडेटनं एक सोय न विचारता चालू करून ठेवली होती. ज्या नंबराची कधीही तक्रार केली असेल तो यापुढे परस्पर अडवायचा. न वाजवता, न दाखवता. अडवलेल्या फोनांची यादी कुठल्या कुठे आत दडवलेली होती. ती मी उघडली.

यादी खालपर्यंत सरकतच राहिली. सगळे शेवटी दोन सात. सकाळी सहा वाजून पाच, सहा वाजून दोन, सहा वाजून दहा. दिवाळीनंतर मावशी गाडीत बसली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, सगळा हिवाळा, वेचणी संपल्यावरही, रोज एक. कालचाही होता. आजचाही होता. माय मला जाऊ दे म्हणत होती आणि रोज सकाळी टोळीच्या बायांबरोबर, नंतर टोळी नसतानाही, फडावर ऊस तोडणाऱ्या या बाईला एकदा वाजवून फोन तोडत होती. तिला तोंडानं माफ कर म्हणता आलं नसतं. तिच्याकडे जे होतं ते तिनं रोज पाठवलं. समोरून काही आलं नाही, तेव्हा तिनं काय समजून घेतलं असेल, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन का लावला असेल, हे मी तिला अजून विचारू शकलेले नाही.

मी फोन मावशीसमोर धरला. तिला अक्षर येत नाही, आकडा येतो. तिनं बोट पहिल्या दोन साताखाली ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बोट खाली खाली जात राहिलं. मी पान सरकवत होते.

“एकेकदाच हाय,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हंजी ये.”

मी हो म्हणाले. तिनं बोट काचेवरून उचललं. मग म्हणाली, “मी समजले, तुझ्या मायनं मला टाकलं.”

ती उठली. केवायसी अर्धंच झालं होतं, मी म्हणाले, मावशी, पाच मिनिटं थांब, अंगठा राहिलाय. ती म्हणाली, राहू दे, आणि गावाकडची बस कितीला आहे ते विचारलं. फोन टेबलावरच होता. मी तो उचलून तिच्या पुढे केला, तर तिनं माझा हात हलकेच बाजूला सारला.

“ते ठिव तुझ्यापाशी,” ती म्हणाली. “मी दारात जाऊन सांगते.”